कमरेला बांधायचा उजेड

वाशिम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यात शेलूबाजार हे चौफुलीचं गाव आहे. अकोल्याहून मंगरुळपीरकडे जाणारा रस्ता आणि नागपूरहून कारंजा, मालेगाव, मेहकरमार्गे छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना रस्ता इथे एकमेकांना भेटतात. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला आणि शेलूबाजारला त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा मिळाली. तेव्हापासून टोलनाक्याचे दिवे रात्रभर जळतात, ट्रकांच्या हेडलाइटांची रांग सरत नाही. पण मुख्य रस्ता सोडून पांदण रस्त्याला लागलं की शे-दोनशे पावलांतच स्वतःचा हातही दिसेनासा होतो.

त्या अंधारात माणसं हौसेने जात नाहीत. कृषिपंपांना तीन फेजची वीज पाळीपाळीने मिळते : दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रीची पाळी असली की हरभऱ्याचं, गव्हाचं ओलित रात्रीच करावं लागतं. लाइन आली की मोटार सुरू करायची, काही तासांनी तुषार संचाचे पाइप उचलून पुढच्या ओळीला लावायचे, मध्येच लाइन गेली तर पुन्हा स्टार्टरकडे यायचं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 मध्ये आला आणि जिथे ती वीज पोचली तिथे दिवसा पाणी देता येऊ लागलं. तरीही रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायची जागल आहे, गोठ्यात व्यायला झालेली गाय आहे, उशिरा सुटलेला बाजार आहे आणि घरातच लाइन गेल्यावर चाचपडत शोधायची काडेपेटी आहे. रात्रीची कामं संपलेली नाहीत. म्हणून बोटाएवढी, किल्ल्यांच्या जुडग्यात मावणारी बॅटरी कशी निवडावी, हा प्रश्न मला शहरातल्या हौशी लोकांपेक्षा शेलूबाजारच्या माणसासाठी जास्त महत्त्वाचा वाटतो.

मोबाइलला दिवा असताना वेगळी बॅटरी कशाला, असं कोणीही विचारेल. मोबाइलचा दिवा वाईट नाही. जवळचं पाहायला पुरेसा आहे. अडचण वेगळी आहे. तो लावायला खिशातून मोबाइल काढायचा, ओल्या किंवा चिखलाच्या बोटांनी पडदा उघडायचा, मग दिवा शोधायचा. एका हातात पाइप असताना दुसऱ्या हातात सपाट, निसरडी, महागाची वस्तू धरून ढेकळांतून चालायचं. शिवाय रात्रीच्या शेवटच्या तासांत मोबाइलची चार्जिंग दिव्यापेक्षा फोनसाठी राखून ठेवणं शहाणपणाचं, कारण खरी गरज पडली तर 108 क्रमांकाला फोन त्यावरूनच लावायचा आहे.

आता दिव्याने काय दाखवायला हवं ते आधी ठरवू. माझ्या मते निवडीचा सगळा गोंधळ इथेच होतो. दुकानात माणूस बॅटरी समोरच्या भिंतीवर किंवा लांबच्या झाडावर मारून पाहतो आणि जी लांब जाते ती घेतो. रोही हाकलायला लांब जाणारा झोत हवाच, पण ते काम तीन सेलच्या किंवा चार्जिंगच्या मोठ्या बॅटरीचं आहे आणि ती जागलीच्या मचाणावर असावी. किल्लीच्या बॅटरीने दाखवायचं असतं पुढचं पाऊल. पायापासून चार-पाच हातांवर काय आहे, एवढंच.

त्या चार-पाच हातांवर साप असू शकतो. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000. बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप आपल्याकडे सर्वांत जास्त घात करतात. यांपैकी घोणस अंगावरच्या तपकिरी ठिपक्यांमुळे वाळल्या पाल्यात मिसळून जाते आणि माणसाची चाहूल लागली तरी पुष्कळदा जागची हलत नाही. मण्यार रात्रीची फिरते, घरातही शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची वेदना इतकी कमी असते की कित्येकदा माणसाला चावल्याचंही कळत नाही. म्हणजे छोटी बॅटरी शेतात जेवढी हवी तेवढीच उशाशीही हवी.

अंधारात बॅटरी मारल्यावर गायीचे, कुत्र्याचे, रोहीचे डोळे चमकतात. त्यांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो. सापाच्या डोळ्यांत तो नसतो, त्यामुळे साप डोळ्यांच्या चमकेने कधीच सापडत नाही. गवतात बारीक हिऱ्यांसारखं लुकलुकताना दिसतं ते बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. साप ओळखू येतो तो अंगाच्या रंगावरून, नक्षीवरून आणि सावलीवरून. तेव्हा पायाखालची जमीन दाखवणाऱ्या दिव्याला लांब जाण्यापेक्षा रंग खरे दाखवणं आणि झोत पसरट असणं जास्त गरजेचं.

खोक्यावर लिहिलेले आकडे काय सांगतात, ते थोडं सविस्तर बघू. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. कँडेला म्हणजे तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे. एक मेणबत्ती सगळ्या दिशांना मिळून साधारण 12 ल्युमेन उजेड देते. तेवढाच उजेड भिंगातून किंवा वाटीतून फक्त समोर पाठवला तर पायवाट व्यवस्थित दिसते. खोक्यावर ‘100 मीटर’ असं अंतर छापलेलं असतं, त्याचा हिशेब असा : दिव्याचा उजेड जिथे 0.25 लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उतरतो तिथपर्यंतचं अंतर. चांदण्यात बांध दिसतो, घोणस दिसत नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा प्रकाशाचा नियमच आहे. म्हणून 100 मीटर लिहिलेल्या बॅटरीने 50 मीटरवर 1 लक्स मिळेल, 25 मीटरवर 4 लक्स. छापलेल्या अंतराच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत नीट दिसेल असं धरून चालावं. उलट बाजूने पाहिलं तर झोत दुप्पट लांब न्यायला चौपट कँडेला लागतात. बोटाएवढ्या बॅटरीकडून लांबची अपेक्षा का करू नये, ते यातून कळतं.

आणि खोक्यावरचा ल्युमेनचा आकडा तरी किती वेळ टिकतो? एलईडी तापते. ती उष्णता बाहेर टाकायला मोठं धातूचं अंग लागतं आणि किल्लीच्या बॅटरीला ते नसतंच. म्हणून 300-400 ल्युमेनचा दावा करणारी छोटी बॅटरी मिनिट-दोन मिनिटांत आपोआप मंद होते; मंद झाली नाही तर हाताला चटका देते. छोट्या बॅटरीच्या अंगाला 100 ल्युमेन थोडा वेळ आणि 10 ते 30 ल्युमेन बराच वेळ, एवढंच शोभतं. वेळेच्या आकड्यातही मेख आहे. चांगल्या कंपन्या ज्या मानकाने मोजतात त्यात उजेड सुरुवातीच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा वेळ धरला जातो. ‘20 तास’ लिहिलेल्या बॅटरीचे शेवटचे बरेच तास नुसत्या मिणमिणत्या उजेडाचे असू शकतात. ज्या स्वस्त बॅटरीवर हजारांत ल्युमेन छापलेले असतात, तिच्या बाबतीत तर तो आकडा वाचूच नये.

एकेकाळी किल्लीच्या बॅटरीकडून फार थोडी अपेक्षा असे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मॅगलाइट कंपनीची सॉलिटेअर ही एका छोट्या सेलवर चालणारी बॅटरी आली आणि जगभर खपली. तिच्या तारेच्या बल्बचा उजेड होता जेमतेम 2 ल्युमेन. पुढे जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळी एलईडी घडवली. 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा उजेड देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा प्रकाश होतो. आपल्या हातातली प्रत्येक पांढरी बॅटरी याच युक्तीवर चालते.

स्वस्त दिव्यात निळा भाग जास्त आणि तांबडा कमी राहतो. मग माती, वाळला पाला, तपकिरी कातडं सगळं एकाच राखाडी छटेचं दिसू लागतं. रंग किती खरे दिसतात याचा एक आकडा असतो, त्याला सीआरआय म्हणतात. सूर्यप्रकाशाचा तो 100 धरतात, साध्या एलईडीचा 70 च्या आसपास असतो, चांगलीचा 90 च्या वर. 90 वाल्या एलईडीत उजेड थोडा कमी मिळतो, तरी मी तीच घेईन. खोक्यावर आकडा नसेल तर दुकानातच स्वतःच्या तळहातावर उजेड मारून बघावा : तळवा गुलाबी दिसला तर ठीक, मेल्यासारखा निळसर दिसला तर ठेवून द्यावी. बॅटरी धरायची तऱ्हाही महत्त्वाची आहे. डोक्याला बांधलेला दिवा डोळ्यांच्या रेषेत असल्याने वस्तूची सावली वस्तूमागेच लपते आणि जमीन सपाट भासते. हात कमरेच्या खाली ठेवून उजेड तिरपा टाकला की खड्डा, काडी, साप, प्रत्येकाची लांब सावली पडते आणि नजर तिथे आपोआप थबकते.

सर्वांत दुर्लक्षित गुण मंद उजेडाचा. टोलनाक्याच्या लखलखाटातून पांदणीत शिरलेल्या माणसाच्या डोळ्यांना अंधार पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात 200 ल्युमेनचा झोत आपणच समोर मारला की सराव मोडतो आणि झोताबाहेरचं सगळं काळंठिक्कर होतं. म्हणून ज्या बॅटरीत एक-दोन ल्युमेनची पायरी आहे आणि बटन दाबल्यावर जी आधी त्या पायरीवर सुरू होते, ती पहिल्या पसंतीची. रात्री लेकराला पांघरूण घालायला, पाण्याचा माठ शोधायला, गोठ्यात जनावर न बुजवता डोकावायला एवढाच उजेड लागतो. लुकलुकणारी पायरी बहुतेक बॅटऱ्यांत असते. रस्त्यात गाडी बंद पडली तर मागून येणाऱ्याला दाखवायला ती कामाची आहे, पण दर वेळी बटन दाबताना ती मध्ये येत असेल तर डोकेदुखी होते.

आता सेल. इथे जरा थांबायला हवं, कारण बॅटरी आवडून घेतलेली माणसं पुढे सेलपायी तिला कंटाळतात.

किल्लीच्या बॅटऱ्या तीन प्रकारच्या सेलवर चालतात. पहिला बटन सेल. जवळजवळ वजन नाही, पण मोठा प्रवाह देण्याची ताकदही नाही. पहिल्या दिवशी चमकदार, पुढे भराभर उतरती कळा. त्यातून घरात लहान मूल असेल तर धोका मोठा : गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजल्यासारखी जखम करतो. ज्या बॅटरीचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, ती मुलांच्या हाती पडेल अशा घरात आणूच नये.

दुसरा रिमोटचा सेल, म्हणजे तीन ‘ए’ वाला बारीक सेल. सुमारे 12 ग्रॅम वजनाच्या अल्कलाइन सेलमध्ये एक वॉट-तासाहून थोडी जास्त ऊर्जा असते. 10 ल्युमेनला साधारण दहावा हिस्सा वॉट लागतो, म्हणजे एका सेलवर आठ-दहा तास सहज निघतात. 100 ल्युमेनवर तोच सेल पाऊण-एक तासात दमतो. एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात आणि सेल दीड व्होल्टचा, म्हणून आत व्होल्टेज वाढवणारी बारीकशी चकती असते. चकती चांगली असेल तर सेल उतरत आला तरी उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. या सेलचं मोठं भांडवल असं की शेलूबाजारच्या कुठल्याही किराणा दुकानात तो मिळतो आणि अडचणीच्या वेळी टीव्हीच्या रिमोटमधून काढता येतो. दुकानातला साधा स्वस्त सेल मात्र जस्त-कार्बनचा असतो, त्यात ऊर्जा बरीच कमी. ‘अल्कलाइन’ लिहिलेला मागून घ्यावा. तोही विसरून पडून राहिला तर पाझरतो. अकोला-वाशिमच्या 44-45 अंशांच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेली बॅटरी पाझरली नाही तरच नवल. पांढरा थर धरला असेल तर लिंबाच्या रसाच्या दोन थेंबांनी संपर्काच्या पट्ट्या पुसून, कोरड्या करून बॅटरी पुष्कळदा वाचते. रोज वापर असणाऱ्याने पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घ्यावेत. ते सहसा पाझरत नाहीत आणि शेकडो वेळा भरता येतात.

तिसरा प्रकार आतच बसवलेल्या लिथियम सेलचा, मोबाइलच्या वायरवर चार्ज होणारा. उजेड जास्त, आकार चपटा, खर्च एकदाच. तरुण मुलं हीच घेतात आणि रोज चार्जिंगची सवय असेल तर चांगलीच आहे. दोन गोष्टी मात्र तपासाव्यात. काही स्वस्त बॅटऱ्यांना टाइप-सीचं भोक असतं, पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरवर त्या चार्ज होत नाहीत. एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेलीच वायर लागते. दुसरं, सेल दोन-तीन वर्षांनी म्हातारा झाला की बदलता येत नाही, सगळी बॅटरी टाकावी लागते. आणि सलग दोन दिवस लाइन नसली की ती केवळ एक वजन होऊन बसते. रिमोटच्या सेलच्या बॅटरीत त्याच आकाराचा 3.7 व्होल्टचा लिथियम सेल कोणी घालून देत असेल, तर खोक्यावर तशी परवानगी लिहिलेली असल्याशिवाय घालू नये, चकती जळते.

बटनाचं म्हणाल तर ओल्या हाताने, एका हाताने, न बघता ते दाबता आलं पाहिजे. पिळून लागणारी बॅटरी खिशात आपोआप लागत नाही, पण तिला बहुधा दोन हात लागतात. मागच्या टोकाला बटन असलेली बरी, फक्त ते किंचित आत दबलेलं असावं किंवा कुलूप घालायची सोय असावी. टोपीच्या कडेला अडकवता येईल अशी पट्टी असेल तर दोन्ही हात मोकळे राहतात. दातांत बॅटरी धरून उघड्या स्टार्टरच्या पेटीत किंवा डीपीपाशी वाकायची सवय मात्र जीवघेणी आहे. धातूची बॅटरी, ओले ओठ आणि 440 व्होल्ट एकत्र यायला नकोत. पाण्याबद्दल आयपीएक्स4 म्हणजे शिंतोडे सोसणारी, आयपीएक्स7 म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणारी. तुषार संचाखाली काम करणाऱ्याने दुसरीच घ्यावी.

ती लटकवायची कुठे, हाही निवडीचाच भाग आहे. गावात किल्ली म्हणजे मोटरसायकलची किल्ली. गाडी चालू असते तेव्हा ती गाडीत असते, बॅटरी तिच्यासोबत हेलकावे खात टाकीवर आपटत राहते आणि गाडी पडली, घसरली तर नेमकी हाताशी नसते. म्हणून ती गाडीच्या किल्लीला लावू नये. घराच्या किल्लीला लावावी, किंवा सरळ करदोड्याला बांधावी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचणाऱ्या बायांकडे ही सोय आधीपासूनच आहे. पहाटे अंधारात बाहेर पडणाऱ्या, निंदण-वेचणीहून उशिरा परतणाऱ्या बाईला बॅटरीची गरज पुरुषापेक्षा कमी नसते आणि घरात एकच बॅटरी असली तर ती तिच्या वाट्याला क्वचितच येते. घरात माणशी एक हवी, असं माझं ठाम मत आहे.

जोडीला एक जांभळी. अतिनील किरणांची किल्लीची बॅटरी अलीकडे स्वस्तात मिळते. विंचवाच्या कवचातले पदार्थ या किरणांत हिरवट-निळे चमकतात, भिंतीच्या फटीत किंवा गंजीखाली दडलेला विंचू अंधारात लांबूनच दिसतो. नुकतीच कात टाकलेला विंचू तेवढा चमकत नाही, हे लक्षात ठेवावं. लाल विंचवाचा दंश हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून देईपर्यंत कोकणात त्याने कित्येक मुलं दगावत. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पायताण घालण्याआधी, जळतण उचलण्याआधी हा जांभळा उजेड एकदा फिरवणं म्हणजे दोन सेकंदांचं काम. त्याच उजेडात नोटेवरचे क्रमांक आणि आतले बारीक तंतू चमकतात, त्यामुळे बाजारात माल विकणाऱ्यालाही तो उपयोगी आहे. जांभळी दिसणारी 395 नॅनोमीटरची चालते. 365 ची महाग पण विंचू जास्त ठळक दाखवणारी. कोणतीही असो, डोळ्यांत मारू नये आणि मुलांना खेळायला देऊ नये.

तर शेलूबाजारच्या माणसाने काय घ्यावं? एका रिमोटच्या सेलवर चालणारी, मंद पायरीवर सुरू होणारी, जास्तीत जास्त 100 ल्युमेनची, पसरट झोताची, पट्टी असलेली ॲल्युमिनियमची बॅटरी. घेतल्यावर पहिल्याच रात्री ती पाण्याच्या पेल्यात अर्धा तास ठेवून बघावी आणि नवा सेल घालून बंद खोलीत किती तास जळते ते घड्याळ लावून मोजावं, कारण खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा आकडा खरा. सेल पोळ्याला एकदा आणि संक्रांतीला एकदा बदलावा, उरला असला तरी. काढलेला सेल रिमोटला चालतो. आणि उजेड असूनही साप चावलाच, तर जखम कापू नका, आवळून बांधू नका, चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे मिळतं.